डोंगरावरची मॉली

जुलैतल्या त्या दुपारी डोंगरावर धुकं उतरलं, आणि सीलिया कॉइल बेरींची टोपली सावरत कड्याखालच्या आडोशाला धावली. तिथं आधीच एक बाई उभी होती. उंचच उंच, डोक्यावरून शाल, आणि अंगात... अंगात सीलियाचाच हिरवा झगा! परवा दोरीवरून नाहीसा झालेला.

"बाई, हा झगा माझा आहे."

बाई दचकली. शाल घसरली. कोळशानं माखलेल्या चेहऱ्यात दोन निळे डोळे, आणि हनुवटीवर चांगली खुरटी दाढी.

"काखेत उसवलाय जरा," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माफ कर."

सीलियाला हसू आवरेना. हसता हसताच ती गप्प झाली. पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आयरिश खाणकामगार तोंड काळं करून बायकी कपडे कधी चढवतात ते. मॉली मॅग्वायर! त्या गुप्त टोळीचं नाव माणसं दार लावून घेऊनच उच्चारायची. सीलियाचा भाऊ ओवेन त्याच टोळीच्या शपथेपायी पॉट्सव्हिलच्या तुरुंगात खितपत पडला होता.

"कुणाची वाट बघतोयस?"

"प्रिचर्ड मुकादमाची. त्याची बग्गी इथूनच जाते."

"जीव घेणार?"

"छे! हाडं मोडायची, एवढंच सांगितलंय."

"ओवेनलाही एवढंच सांगितलं होतं. माणूस मेला."

त्यानं शाल पुन्हा डोक्यावर ओढली. मग म्हणाला, "माझ्या भावाला त्यानं खाणीनं दिलेल्या घराबाहेर काढलं, सीलिया. तान्ह्या पोरासकट, भर बर्फात."

"माझं नाव कसं रे ठाऊक तुला?"

"चर्चमध्ये तू पुढच्या बाकावर असतेस. मी फेलिम स्वीनी, तुझ्या मागे. वर्षभर तुझ्या वेणीकडे बघतच प्रार्थना म्हणतोय."

"एखादी तरी पाठ झाली?"

"एकही नाही."

"आणि झगा? तोही ओळखूनच उचललास?"

काजळीखालून त्याचे कान लाल झाले. "दोरीवर बरेच होते... पण हात त्याच्याकडेच गेला."

तेवढ्यात खालून शीळ आली. पाखराची वाटावी अशी, पण पाखराची नव्हे; खाली राखण करणाऱ्या साथीदाराची खूण. फेलिम ताठ झाला. सीलियानं त्याला धरलं नाही. ती दगडावर टेकली आणि शेजारी जागा करत हळूच म्हणाली, "खटल्यात आईला ओवेनचा रक्ताळलेला सदरा दाखवला. हा तुमच्या मुलाचाच का, म्हणून विचारलं. आईला खोटं बोलता आलं नाही... फेलिम, मला हा झगा ओळखायला लावू नकोस."

पुन्हा शीळ. मग धुक्यातून चाकांचा खडखडाट जवळ आला, अगदी पायथ्याशी... आणि पुढे निघून गेला. मोडायची होती ती हाडं सुखरूप गेली.

फेलिम तिच्या शेजारी बसला होता. तिनं त्याच्या काळ्या तळव्यात मूठभर बेरी ठेवल्या. धुकं त्यांच्या पायांशी येऊन पसरलं. जगात खाण नव्हती, मुकादम नव्हता. तिच्या खांद्याला त्याचा खांदा तेवढा लागत होता, ऊबदार.

शनिवारी ती ओढ्यावर कपडे धूत होती. तो आला तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता, एक डोळा सुजून मिटलेला.

"टोळीला सांगितलं तोंडावर, माझ्याच्यानं व्हायचं नाही म्हणून," तो म्हणाला. "ओळखीची माणसं, म्हणून एवढ्यावर निभावलं. उद्या दुपारच्या गाडीनं खोरं सोडायचंय."

"कुठं जाशील?"

"मिशिगनला. तिथल्या मोठ्या सरोवरावर गलबतं भरायची. खाणीत नाही उतरायचं आता."

"बरं." तिनं चादर पिळली. पिळतच राहिली.

"तू... म्हणजे, येशील का—"

"लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारावी लागतात, फेलिम."

"इथं मला एक रविवारसुद्धा धड मिळायचा नाही."

"मग तिकडच्या चर्चमध्ये पुकारू देत," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे उमगून तिनं ओली चादरच तोंडावर धरली.

त्या रात्री तिनं आईला सगळं सांगितलं, आणि मग कच खाल्ली. "ओवेनला बघायला तुझ्याबरोबर कोण येईल, आई? मी नाही जात."

म्हातारी चुलीपुढून उठली नाही. "एक पोर टोळीनं नेलं," ती म्हणाली. "दुसरं मी माझ्या हातानं सुखाकडे धाडते. तुरुंगाच्या दारात बसायला मी एकटी पुरे आहे. ऊठ, केस विंचर."

रविवारी स्टेशनवर फेलिम एकटाच उभा होता, गाडीकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत. सीलिया धावत आली. त्यानं तिचं बोचकं घेतलं, तिनं त्याच्या सुजलेल्या डोळ्याला अलगद बोट लावलं.

"दुखतंय?"

"आत्ताच थांबलं," तो म्हणाला.