सेनापती मागच्या कोपऱ्यात

काशिनाथ सरांनी एकाच कॉम्प्युटरवर, रविवारी दुपारी तीनची वेळ दोघांना देऊन ठेवली होती. म्हणून पर्वत पाटिया भागातल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी पोचले, तेव्हा माझ्या खुर्चीवर हेमराज बसला होता आणि पडद्यावर लढाई चालू होती. साड्यांची डिझाइनं काढणारा मुलगा. बोटं नाजूक, आवाज त्याहून नाजूक.

"दोघांना खेळता येतं... आळीपाळीनं," तो म्हणाला. "फक्त एकाची पाळी असली की दुसऱ्यानं भिंतीकडे बघायचं. तुकड्या कुठे लावल्या ते दिसता कामा नये."

मी गोदामात साड्यांची नोंद ठेवते, मोजायची सवय हाडात. पहिल्या तासात तो एकदाही वळला नाही. मी सात वेळा वळले – त्यातल्या पाच वेळा पडद्याकडे नाही.

खेळ सोपा होता. नदी, एक पूल, प्रत्येकाला एक सेनापती आणि त्याच्या हाताखाली सहा तुकड्या. सेनापतीपासून चार घरांपलीकडे गेलेली तुकडी निम्म्याच ताकदीनं लढायची. हे ठाऊक असूनही हेमराज सहाही तुकड्या पुलावर उभ्या करायचा आणि सेनापतीला पार मागच्या कोपऱ्यात, झाडीत दडवायचा. माझा सेनापती पुलाच्या तोंडाशी, तुकड्यांच्या मधोमध. आठ रविवार मीच जिंकले.

"पुढे ठेवला आणि मेला तर?" तो विचारायचा.

"मागे ठेवून कुठे जगतोय?"

तो हसायचा. हसला की कान लाल व्हायचे, आधी डावा.

नवव्या रविवारी, तो भिंतीकडे तोंड करून बसला असताना मी सांगून टाकलं – येत्या रविवारी सकाळी दहाला शिरपूरचे पाहुणे मला बघायला येताहेत, आणि जमलं तर माझे वडील, नाना, त्याच बैठकीत सुपारी फोडणार आहेत. त्याची पाळी आली तरी तो भिंतीकडेच बघत राहिला.

मग आठवडाभर हल्ला सुरू झाला. सोमवारी त्याचा मित्र राघो गोदामाच्या फाटकाशी येऊन हेमराज किती सरळ आहे ते सांगून गेला. ते मला ठाऊक होतं. बुधवारी त्याची सुमनवहिनी विरजण मागायला भेस्तानला आमच्या घरी आली, आईपाशी तासभर बसली आणि विरजण घेऊन गेली. शुक्रवारी खुद्द काशिनाथ सर नानांना भेटले. क्लासमध्ये एक चांगलं स्थळ आहे, एवढं बोलून लाजले.

रात्री जेवताना नाना घरच्या बोलीत आईवर तडकले, "त्या मास्तरले दोन पोरं शेतस ना!"

शनिवारी मी हेमराजला क्लासच्या जिन्यात गाठलं.

"तुझ्या तिन्ही तुकड्या पडल्या. नानांना वाटतंय, नवरदेव काशिनाथ सर आहेत."

"मी गेलो आणि ते नाही म्हणाले... तर मग पुढे कुणाला पाठवू?"

"आणि मी शिरपूरला गेले तर?"

त्याचा डावा कान लाल झाला. मी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

रविवारी पावणेदहाला दार वाजलं. आई पुढल्या खोलीत चादर सरळ करत होती, नाना टोपी झटकत होते. दारात हेमराज – इस्त्रीचा शर्ट, एक बटण चुकलेलं.

"हाऊ कोन?" नानांनी विचारलं. "तुन्हासंगे कोन शे?"

"कोणी नाही. मी एकटाच आलोय." तो उंबरा ओलांडून आत आला. "सर नाहीत, नाना... मी आहे. मला गायत्रीशी लग्न करायचंय."

नाना त्या चुकलेल्या बटणाकडे बघत राहिले. मग मान वळवून माझ्याकडे.

मी आत गेले, पाहुण्यांसाठी केलेल्या पोह्यांची बशी आणली आणि हेमराजच्या हातात दिली. त्यानं घास घेतला, थबकला, पुन्हा घेतला, आणि मान खाली घालून बशी चाटूनपुसून रिकामी केली. नाना त्याच्या तोंडाकडेच बघत होते. आत जाऊन त्यांनी पातेल्यातला चमचाभर चाखला.

"मीठ टाकानं भुलनी का?"

"विसरले नाही, नाना," मी म्हणाले. "शिरपूरवाल्यांसाठी केले होते."

नानांनी टोपी खुंटीला अडकवली आणि आईला सांगितलं, याच्यासाठी दुसरे कर... मीठ घालून.