सात नंबरचे पाच कोपरे

"थांब! हात लावू नकोस!"

नेल्स एवढ्या जोरात ओरडला, की ब्रिटाच्या हातातला बटाट्याचा काप टपकन ग्रेव्हीत पडला.

"काय झालं? आग लागली का कुठे?"

"गप गं! ही कार्डं बघ. ओडेट, तूही बघ!"

नाताळच्या सुट्टीचा तिसरा दिवस होता. बाहेर उणे एकतीस तापमान. त्यामुळे हार्लो लेक गावातली निम्मी मुलं बर्फावरच्या हॉकीच्या मैदानातल्या, म्हणजे रिंकच्या कँटीनमध्ये खेळाडूंच्या फोटोंची कार्डं अदलाबदल करत बसली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर तेरा वर्षांचा नेल्स टॉफ्टलंड, त्याची दहा वर्षांची बहीण ब्रिटा आणि त्यांची मैत्रीण ओडेट देजार्ले अशी तिघं होती.

त्या हिवाळ्यात सगळ्यांना वेड होतं ते एकाच कार्डाचं. रिंकचं बर्फ गोठवणारं यंत्र खिळखिळं झालं होतं. नवं घ्यायचं म्हणून गावच्या क्लबनं शंभर कार्डं काढली होती. प्रत्येक कार्डावर रेमी देजार्लेचा फोटो, आणि खाली छोट्याशा खिडकीत त्यानं खेळताना घातलेल्या जर्सीचा नखाएवढा तुकडा. प्रांताच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, याच हिरव्या जर्सीत रेमीनं गोल केला होता. हार्लो लेकला मिळालेलं ते एकुलतं एक अजिंक्यपद.

रेमी म्हणजे ओडेटचे बाबा. तीन वर्षांपूर्वी ते आजारपणात गेले. आईनं जर्सी क्लबला दिली होती ती काचेच्या कपाटात लावायला. कार्डांची कल्पना अध्यक्ष मिसेस हॅलिडेंनी मागाहून काढली. आईनं तीन दिवस विचार केला आणि मग हो म्हटलं. कपाट व्हायचं होतं म्हणून जर्सी तोवर कोच लॉर्न पिडस्काल्नींकडे खोक्यात होती; ती कापायचं कामही त्यांनीच घेतलं. ते बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, ओडेटचे लॉर्नकाका. पहिलं कार्ड त्यांनी तिच्याच हातात ठेवलं होतं.

"हा तुकडा छातीवरचा आहे पोरी, अगदी काळजापाशी होता," असं ते म्हणाले होते. तेव्हापासून ओडेट ते कार्ड उशीखाली घेऊन झोपायची.

"हे बघ," नेल्सनं चार कार्डं ओळीत मांडली. "चारही तुकड्यांवर पांढरा कोपरा आहे. 7 या आकड्याची आडवी रेघ जिथून खाली वळते ना, तोच!"

"मग? बाबांचा नंबर सातच होता," ओडेट म्हणाली.

"पण जर्सीवर सात असतात किती?"

ब्रिटा धावतच बाहेर गेली आणि भिंतीवरचा जुना फोटो पाहून आली. "पाठीवर एक, दोन्ही बाह्यांवर एकेक. तीन!"

"तीन सात म्हणजे कोपरे तीन. मग हा चौथा कुठून उगवला?"

ओडेट हसली. "कापताना दोन तुकडे झाले असतील. तुला सगळीकडे गणितच दिसतं!"

"चारही कोपरे अख्खे आहेत, ओडेट."

ती हसायची थांबली.

त्या दुपारी तिघांनी गाव पालथं घातलं. सहा घरं झाली, अकरा बिस्किटं आणि ब्रिटाच्या पोटात तीन पेले गरम चॉकलेट. "शाळेचा प्रकल्प आहे," असं ब्रिटा इतक्या निरागसपणे सांगायची, की लोक आपणहून कार्डं काढून दाखवत. पोस्टातल्या मिसेस वॉयचिककडे पाचवा कोपरा सापडला!

"म्हणजे कमीत कमी दोन जर्स्या कापल्यात," नेल्स पुटपुटला. "आणि तुझ्या बाबांची तर एकच होती."

"काकांनी मुद्दाम नसेल केलं!" ओडेट उसळली. "चुकून दुसरी जर्सी मिसळली असेल!"

"मग जाऊन विचारूया."

"विचारलं तर ते गोष्ट रंगवून सांगतील आणि आपण मान डोलावू." ओडेट बराच वेळ बर्फात बूट आपटत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्याकडे युक्ती आहे. पण ती फसली पाहिजे."

"फसली पाहिजे?" ब्रिटा चक्रावली. "असली कसली युक्ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्नकाका रिंकवर यंत्रानं स्केटची पाती घासत होते. ओडेट जवळ जाऊन उभी राहिली.

"काका, बाबांच्या जर्सीचा गळा उसवला होता ना, तो आईनं सामन्याच्या आदल्या दिवशी निळ्या दोऱ्यानं शिवला होता. तो तुकडा मला मिळेल का?"

घासण्याचं यंत्र थांबलं. खरं तर आईनं आयुष्यात कधी सुई धरली नव्हती. तिच्या कोटाचं बटणसुद्धा चिकटपट्टीनं लावलेलं असायचं. गळाही कधी उसवला नव्हता आणि निळा दोराही नव्हता.

'नव्हता म्हणा,' ओडेट मनातल्या मनात म्हणत होती. 'असं काही नव्हतं म्हणा ना, काका!'

लॉर्नकाकांनी टोपी मागे सरकवली. "निळा दोरा... शोधतो हं. उरलेलं कापड घरी आहे."

शोधतो म्हणाले! म्हणजे अजून आशा होती. ओडेट त्या दिवशी दोनदा नेल्सला म्हणाली, "बघ, उद्या सांगतील, सापडला नाही म्हणून."

उद्या उजाडला. लॉर्नकाका स्वतः तिच्या घरी आले. दारातच त्यांनी नवंकोरं कार्ड तिच्या हातात दिलं. खिडकीत हिरवं कापड आणि त्यावर तीन निळे टाके.

"तुझ्या आईच्या हातचे," ते मायेनं म्हणाले. "इतकी वर्षं झाली, पण बघ, अजून कसे घट्ट आहेत!"

"थँक्यू, काका," ओडेट म्हणाली. दार लावल्यावर ती बूट ठेवायच्या चटईवर बसली आणि हुंदके देऊन रडली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तेव्हा ओडेटनं तिला सगळं सांगितलं. आईनं कार्ड उजेडात धरलं.

"कोट घाल," ती एवढंच म्हणाली.

कँटीनमध्ये मिसेस हॅलिडे मुलांच्या हॉकी स्पर्धेच्या तयारीत होत्या. लॉर्नकाका, मुलांचे आईवडील, सगळेच तिथे होते. नेल्सनं टेबलावर गावातून मागून आणलेली पाच कोपऱ्यांची कार्डं मांडली आणि जुन्या फोटोतले तीन सात दाखवले.

"अरे, पोरांनी तर गुप्तहेर खातं उघडलंय!" लॉर्नकाका मोठ्यानं हसले. "तुकडे उलटसुलट दिसतात रे बाबा. असं होतं."

काही मोठी माणसंही हसली. एक जण म्हणाला, "जा रे, बाहेर जाऊन खेळा."

तेव्हा ओडेटनं निळ्या टाक्यांचं कार्ड पुढे ठेवलं.

"आई, हे तू शिवलंस?"

"मला शिवता येत नाही," आई म्हणाली. "गावात कुणालाही विचारा. आणि रेमीच्या जर्सीला निळा दोरा कधीच नव्हता."

"तो दोरा मी मनानंच रचला होता," ओडेट म्हणाली. "खोटा होता. आणि आज तुम्ही तो मला आणून दिलात!"

आता कुणी हसत नव्हतं. मिसेस हॅलिडेंनी चष्मा काढला. "लॉर्न, जर्सी कुठे आहे?"

लॉर्नकाका खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं कबूल केलं. जर्सी सास्काटून शहरातल्या एका संग्राहकाकडे होती. कार्डांची कल्पना निघायच्याही आधी, उन्हाळ्यातच त्यांनी ती देऊन टाकली होती! बदल्यात त्यांना मिळाली होती एका जुन्या नामांकित गोलरक्षकाची जर्सी, जिच्यासाठी ते लहानपणापासून झुरत होते. मग कार्डं ठरली, तेव्हा त्यांनी तशाच दोन हिरव्या जर्स्या शिवून घेतल्या आणि कापल्या.

"मला वाटलं, ती नुसती खोक्यातच पडून राहणार," ते खाली बघत म्हणाले. "कुणाला काय कळणार!"

"ती तुमची नव्हतीच," आई म्हणाली. "आणि तुमच्यापेक्षा जास्त भरवसा आम्ही कुणावरच ठेवला नव्हता."

दुसऱ्याच दिवशी लॉर्नकाका आपली लाडकी जर्सी घेऊन सास्काटूनला निघाले. शेजारच्या सीटवर मिसेस हॅलिडे बसल्या होत्या. "मी गप्पा मारायला येत नाहीये," असं त्यांनी गाडीत चढतानाच सांगून टाकलं! संग्राहक भला माणूस होता. सगळी हकिकत ऐकून त्यानं मुकाट्यानं रेमीची जर्सी परत दिली आणि आपली घेतली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळं गाव रिंकमध्ये जमलं. मिसेस हॅलिडेंनी तिघांना पुढे बोलावलं.

"शंभर कार्डं आम्हा मोठ्यांच्या हातातून गेली, पण एकानंही नीट पाहिलं नाही. या तिघांनी पाहिलं. आणि आम्ही हसलो तरी ती मागे हटली नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ब्रिटानं तीन वेळा वाकून नमस्कार केला. नेल्स तिला कोपरानं ढोसत राहिला, पण त्याचेही कान लाल झाले होते.

"आता खरी कार्डं काढा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "खरी जर्सी मिळाली आहे ना!"

आईनं ओडेटकडे पाहिलं. जर्सी टेबलावर पसरलेली होती. कोपराशी जरा विरलेली, पण अख्खी.

"नको," ओडेट म्हणाली. "बाबांना अख्खंच राहू दे."

कुणी वाद घातला नाही. नव्या यंत्रासाठी दुसरं काहीतरी काढू, असं मिसेस हॅलिडेंनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

गर्दी पांगल्यावर दारापाशी लॉर्नकाका उभे होते. "ओडेट, मला माफ कर. पुन्हा कधी..."

"तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, दोरा नव्हता," ओडेट म्हणाली. "मी वाट बघत होते."

ती मागे वळली. आई काचेच्या कपाटापुढे स्टुलावर चढून जर्सी सरळ करत होती.

"डावी बाही खाली गेलीये, आई," ओडेट म्हणाली. "थांब, मी धरते."