बुधरीचा दगड

धानोऱ्याहून निघालेली जीप नाल्यापाशी थांबायची आणि पुढची वाट पायीच होती. डोंगरांच्या मधलं ते गाव देवीच्या साथीत कधीचं उठलेलं. आता घरांची जोती, एक बुजलेली विहीर आणि मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड, एवढंच उरलं होतं. खुशबू मॅडम चंद्रपूरहून त्यांचं सर्वेक्षण करायला आल्या होत्या. झुडपं तोडायला त्यांनी जवळच्या टोल्यावरच्या, लहानशा वस्तीतल्या इसरूला घेतलं होतं.

इसरू कामाचा पक्का, पण तोंडाचा कडू झाला होता. त्याची बायको बुधरी मार्चमध्ये गेली. तो तेव्हा तेलंगणात मिरची तोडत होता. ताप चढला तेव्हा तिनंच भावकीला बजावलं, "त्याले नका बलावू. काम सोडून येईन तो." इसरू पोचला तेव्हा तिची माती होऊन आठ दिवस झाले होते.

भावकीनं तिच्या नावाचा दगड नदीतून निवडून आणला. अंगावर आडवी पांढरी रेघ होती. इसरूनं तो उभा करू दिला नाही.

"मले न सांगता गेली ना? मंग राहू द्या तिले तशीच."

दगड अंगणात आडवा पडून राहिला.

सर्वेक्षणाच्या तिसऱ्या दिवशी विहिरीमागची चिलाटी तोडताना इसरूची कुऱ्हाड थांबली. काट्यांच्या आत छातीएवढा दगड उभा होता. त्याच्यावर आडवी पांढरी रेघ.

"हा कोनं आनला इथी?"

"आणला? इसरूभाऊ, शेवाळ पाहा त्याच्यावरचं. किती वर्षांपासून इथंच उभा आहे हा." मॅडमनी टेप लावून उंची लिहून घेतली.

संध्याकाळी इसरू घरी गेला. अंगणात दगडाखाली दबलेल्या गवताची पिवळी जागा तेवढी होती. तो दगड आणायला चार माणसं लागली होती. भावकीत विचारलं तर कोणीच तो हलवला नव्हता.

मेलेलं माणूस खूश असलं की त्याचा दगड वाढतो, नाराज असलं की खचतो, असं म्हातारे सांगत. इसरूनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेपवर दगड वीतभर कमी भरला. त्याच्या पुढच्या दिवशी दगड कंबरेएवढा होता.

मॅडम चिडल्या. "मी गेल्यावर ठोकता का तुम्ही याले?"

"मी? हा मुरूम हाय मॅडम. घन देतो, तुमीच ठोकून दाखवा."

"मग खाली कसा चालला?"

"तिले विचारा! तिची सवयच हाय. सांगायचं नाई, चालाय लागायचं."

मॅडमनी कडेची माती उकरून पाहिली. खुरपं दोन बोटंही आत गेलं नाही. त्यांनी टेप गुंडाळली. त्यानंतर त्या विहिरीमागे एकट्या आल्या नाहीत.

पुढच्या दुपारी दगड गुडघ्याएवढा राहिला. पांढरी रेघ जमिनीला टेकली होती. इसरूनं कुऱ्हाड भिरकावली.

"नाराज कायची हायस व तू? नाराज मी हाय! एक फोन लावू द्याचा होता. चालत आलो असतो मी. तुया तोंडात पानी तरी घातलं असतं!"

रेघ मातीत गेली. त्याच्या डोळ्यांदेखत.

तो गुडघ्यांवर पडला. दोन्ही हातांनी त्यानं दगड कवटाळला.

"आता नाई जाऊ देत."

दगड थांबला.

दम घ्यायला इसरूनं हात सैल केले. दगड बोटभर खाली गेला.

त्यानं पुन्हा आवळला. दगड थांबला.

ओरडा ऐकून मॅडम धावत आल्या. "इसरूभाऊ, सोडा त्याले."

"सोडत नाई. तुमी मोजा."

त्यांनी वाकून टेप लावली. थोडं थांबून पुन्हा लावली. "तेवढाच आहे," त्या म्हणाल्या. "खचत नाही आता."

"मंग झालं. जा, जेवा तुमी."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्या त्याच्या पायांकडे पाहत होत्या. इसरूनं मान वळवली.

त्याचे गुडघे चार बोटं मुरमात गेले होते.

त्यानं मिठी आणखी आवळली. गुडघ्यांभोवतीची माती कुठंच फुटली नव्हती, आणि गवत त्यांना लागून सरळ उभं होतं.