नावाडिणीने अडवलेला सेनापती

औशाच्या संगप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांचे चिरंजीव चंद्रप्पा शब्द तोलून देत, आणि चंद्रप्पांचे बसवंत तर बोलण्याचीच काटकसर करीत. अशा घराण्यात शिवांश जन्मला आणि बोलण्याचाच धंदा करू लागला. टीव्हीच्या मालिकांतून तो दोनदा बोहल्यावर चढला. पण उर्वीचे एक उत्तर मात्र त्याने वर्षभर थकवले होते.

अहमदपूरच्या बसस्थानकावर दोघांची अवचित गाठ पडली होती. उर्वी नांदेडच्या महाविद्यालयात शिकवी. लातूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या त्याला तिने न्याहाळले.

"तुम्ही टीव्हीवर फार रडता हो."

"हसवलं तर तुम्ही बघाल?"

"बघेन की... आधी हसवून तर दाखवा."

ओळख वाढली. पुढे गोदावरीच्या घाटावर, भुरभुर पाऊस अंगावर घेत, तिनेच सांगितले, "तुम्ही मला आवडता." शिवांश गोंधळला. "मला... थोडा वेळ द्या." जिभेवर साखर बाळगणाऱ्या पुरुषाने असे घुटमळावे, ही काही सभ्य रीत नव्हे.

मालिका संपली. लातुरात मित्रांसह त्याने नवाच कार्यक्रम मांडला. मेजाभोवती मंडळी बसत. शिवशंकर सूत्रधार होऊन कथा सांगे, बाकीचे पात्रे होऊन उत्स्फूर्त बोलत, आणि अडले तिथे फासा पडे. समोर कॅमेरा चालू असे, आणि गावोगावचे लोक ते मोबाइलवर थेट पाहत. करिश्मा राणी झाली, शिवांश तिचा सेनापती.

"राणीसाहेब, तुमच्या नजरेपुढे मला किल्लाही ठेंगणा वाटतो—"

नांदेडला उर्वीने मोबाइल पालथा घातला. मग सुलटा करून तेच वाक्य पुन्हा ऐकले. मग त्याला फोन लावला.

"अहो, खेळ आहे तो," शिवांश म्हणाला.

"मालिकेतली लग्नं मी हसत बघितली. तिथले शब्द लेखकाचे होते. हे कुणाचे?"

"माझेच..."

"तिला किल्ले, आणि मला एक शब्द नाही!"

"जळून राहिलात काय?"

"हाव, जळून राहिले. पुढं बोला."

"खेळात पाहुणी म्हणून या एकदा," एवढेच तो म्हणाला.

उर्वी लातूरला गेली. शिवशंकरने तिला नावाडीण केले. राणीला नदीपार जाऊन सेनापतीशी लग्न करायचे होते.

"राणीसाहेब बसा," उर्वी म्हणाली. "हे नाही बसायचे."

"का गं बाई?" करिश्माने भुवई उडवली.

"यांच्याकडे एका बाईचं उत्तर थकलंय. असल्या माणसाच्या भारानं नाव बुडते."

"फासा टाका," शिवशंकर म्हणाला. उर्वीच्या हातून एक पडला. सर्वांत हलके दान. ती हरली.

"चला, सेनापती!" करिश्मा हसली. उर्वीने मान खाली घातली.

शिवांश मात्र हलेना. "मी उतरतो."

"अरे, दान तुझ्या बाजूचं हाय!" शिवशंकर म्हणाला.

"असू दे. उर्वी—"

खेळात खऱ्या नावाने हाक मारायची नसते.

"इतकी वर्षं दुसऱ्यांचे संवाद बोललो... घाटावर तोंड उघडलं असतं, तर तेही पाठ केलेलं वाटलं असतं. माझं बोलणं कसं असतं, ते मला या मेजावर कळलं. तुम्ही मला आवडता. त्या दिवशीही आवडत होतात. माझ्याशी लग्न कराल?"

"अगं बया, माझा सेनापती पळवला की हिनं!" करिश्मा खदखदून हसली.

"कॅमेरा चालू हाय," शिवशंकर पुटपुटला.

"चालू द्या," उर्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र ठाम होता. "करेन."

"मग... आता काही बाकी?" शिवांशने विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "व्याजासकट फिटलं."