सिद्धप्पाचा एकच फोटो

लाइट येईस्तोवर सांगतो. होटगी रोडला प्रभुलिंगचं फोटोचं दुकान हाय ना, तितं घडलेलं. त्यानंच मला सांगितलं, म्हणून खोटं म्हणवत न्हाय.

पाडव्याची आदली रात. अमावस्या. साडेनऊ झालते.

संध्याकाळी वळसंगच्या गिरिजाबाई मोबाइलचं मेमरी कार्ड देऊन गेल्या व्हत्या. नवरा सिद्धप्पा आठवड्याखाली वारलेला. "त्यांचा एवढा एकच फोटो हाय बगा. मोठा करून ठेवा, सकाळी येते."

लग्नांच्या अल्बमांपायी प्रभुलिंग तीन रात्री झोपला नव्हता. डोळ्यांत खडे रुतत व्हते. त्या थकव्यात चुकला. फोटो कॉम्प्युटरवर उतरवून न घेता थेट कार्डावरनंच उघडला. चेहरा साफ करत आणला, अन् कार्ड मेलं. पाठोपाठ स्क्रीन गोठली. माउस हलेना. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं. काय न्हाय. आल्ट-टॅब. न्हाय. कॉम्प्युटर बंद करावा, तर फोटो कायमचा गेला. त्या बाईला तोंड कसं दाखवायचं?

पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करणाऱ्या भाचीला, काव्याला, त्यानं फोन लावला.

"बंद करू नका, मामा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट अन् बी, चारी बटणं एकदम दाबा. उघडलेलं जात नाही, नुसता डिस्प्ले परत सुरू होतो. दोन्ही हात लागतील, फोन स्पीकरवर टाका."

दाबलं. बीप वाजली. स्क्रीन काळी झाली.

हात उचलून तो मागं टेकला. दुकानात दुसरं कुणी न्हाय.

टक.

...टक. टक.

"मामा, आता काही टाइप करू नका."

"मी न्हाय करत."

"मग आवाज...?"

त्याचे हात मांडीवर. समोर बटणं खाली जात व्हती. एकेक. सावकाश... कधी टाइप न केलेला माणूस शोधून शोधून दाबतो तशी.

थांबली.



स्क्रीन उजळली. फोटो जागेवर. सेव्ह झालेला. प्रभुलिंगनं सेव्ह केला नव्हता. नावही दिलं नव्हतं. पण वर नाव व्हतं.

सकाळी गिरिजाबाई आल्या. फोटोकडं बघतच राहिल्या. प्रभुलिंगनं भीत भीत विचारलं, "बाई... काशव्वा कोण?"

बाईंची नजर फोटोवरनं उठली.

"माझं माहेरचं नाव. लग्नात बदललं. घरात कुणी नसलं की हे तसंच हाक मारायचे... तुमाला कुणी सांगितलं?"



फाइल अजून हाय प्रभुलिंगकडं. त्याच नावानं.