वरची ओळ, खालची ओळ

पैसे खात्यात होते आणि पैसे खात्यात नव्हते. या दोन्ही गोष्टी बँकेच्या मशीनच्या एकाच पडद्यावर, एकीखाली एक, सारख्याच शांतपणे लिहिलेल्या होत्या.

एकूण शिल्लक : ३,२०० रुपये
उपलब्ध शिल्लक : १५० रुपये

वैदर्भी ढवसने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. डोळ्यांत कोळशाची धूळ होती. पण काळेगाव खाण वसाहतीत ती सगळ्यांच्याच डोळ्यांत असायची. खाण बंद होऊन कैक वर्षं झाली होती. धुळीला मात्र कोणी कळवलेलं नव्हतं.

"सर, मशीननं आपले पैसे खाल्ले!"

"खाल्ले नाहीत," टिपणीस सर म्हणाले. "तोंडात घेतलेत. गिळायचे की नाही, हे अजून ठरलेलं नाही."

टिपणीस सर यंत्रमानव होते. शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायचे. त्यांच्या डाव्या गुडघ्यात सायकलची चेन बसवलेली होती, त्यामुळे ते चालताना कोणीतरी लांबून सायकलवर येतंय असं वाटायचं. आज त्यांच्या छातीवर एक चिठ्ठी चिकटवली होती : 'भंगार. किंमत ३,२०० रुपये.' चिठ्ठी त्यांनी स्वतःच लिहिली होती. शाळेत अक्षर त्यांचंच बरं होतं.

वसाहतीतून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी पोस्ट गेलं, मग दवाखाना, मग बस. आणि बसबरोबर बरीचशी माणसं. आता शाळेची पाळी होती. आज सकाळपासून बाकं, फळे, पृथ्वीचा गोल असं सगळं सामान विक्रीला मांडलं होतं. मुख्याध्यापिका पेटकर बाईंनी नियम वाचून दाखवला होता : रोख पैसे घेणार नाही, खात्यातून पाठवा नाहीतर चेक द्या. आणि ज्याचे पैसे आधी शाळेच्या हाती पडतील, वस्तू त्याची.

सातवीच्या वर्गाने ओवाळणीचे पैसे गोळा केले. भाऊबीजेचे, वाढदिवसाचे, डब्यांत आणि उशांखाली जपलेले. ते वैदर्भीच्या बचत खात्यात भरायचे आणि लगेच शाळेला पाठवायचे, असं ठरलं. मुलींनी एकट्याने मशीनपाशी जायचं नाही, असा वसाहतीचा दंडक होता. म्हणून सोबतीला टिपणीस सर आले. स्वतःला विकत घ्यायला.

"पण मशीननं नोटा मोजल्या ना? वर आकडा बरोबर दाखवते."

"मोजल्या. पटल्या नाहीत. वैदर्भी, परवा तू विज्ञानाचा पेपर दिलास. तो आत्ता कुठे आहे?"

"तुमच्याकडे."

"मार्क मिळाले?"

"तुम्ही तपासल्यावर मिळतील."

"मग तोवर घरी काय सांगितलंस?"

"सांगितलं, सगळा पेपर लिवला म्हणून."

"ती वरची ओळ. पेपर माझ्या हाती आला एवढंच ती सांगते. खालची ओळ म्हणजे उपलब्ध शिल्लक (तपासून झालेली, आत्ता काढता किंवा पाठवता येईल अशी रक्कम). ती तुझे मार्क."

वैदर्भीने जीभ चावली. पेपरातला चौथा प्रश्न तिने मुळीच लिहिला नव्हता.

"मशीनचे रूळ एकेक नोट आत ओढतात," सर म्हणाले. "मग मशीन तिच्यावर साधा उजेड पाडतं, आणि अवरक्त किरणही (तांबड्या रंगाच्या पलीकडचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण). तुझ्या डोळ्यांना. मला दिसतात, पण त्यात बघण्यासारखं काही नसतं. खऱ्या नोटेवरची शाई हे किरण ठरावीक ठिकाणी शोषते, ठरावीक ठिकाणी सोडून देते. तसंच झालं तर मशीनचा विश्वास बसतो आणि रक्कम तिथल्या तिथे उपलब्ध होते. काही जुनी मशीनं नुसतं बंद पाकीट गिळतात. तिथे बँकेतल्या माणसाने पाकीट उघडेपर्यंत सगळंच लटकलेलं."

"पण आपल्या नोटा खऱ्या आहेत!"

"खऱ्या आहेत. ओवाळणीच्याही आहेत. ताटात नोट कुठे पडते?"

वैदर्भीच्या डोळ्यांसमोर भाऊबीजेचं ताट आलं. निरांजन, सुपारी, हळद, कुंकू. दादा दरवर्षी मोठ्या ऐटीत नोट टाकायचा, ती हमखास निरांजनापाशी पडायची आणि सांडलेल्या तेलात भिजायची.

"तेलाने कागदातून उजेड भलताच आरपार जातो," सर म्हणाले. "वर कुंकवाची बोटं. मशीनला वाटलं, ही काय भानगड आहे? काही मशीनं अशा नोटा परत देतात. हे मशीन त्या वेगळ्या डब्यात टाकून माणसाची वाट बघतं."

"मग दीडशे कसे पास झाले?"

"ते तुमच्या वर्गातल्या साकिबचे. ईदीच्या नोटा कोऱ्या असतात."

"मग माणूस कधी येईल?"

"आज दुसरा शनिवार. बँक बंद. उद्या रविवार. सोमवारी."

"आणि भंगारवाल्या बिसेन शेठचा टेम्पो?"

"अकरा वाजता येणार होता," सर म्हणाले. "म्हणजे आलेला असेल. माणूस वक्तशीर आहे."

दोघं परत निघाले. सायकलच्या चेनचा तेवढा आवाज येत राहिला. बंद दवाखान्याच्या दारात एक कुत्रं झोपलं होतं, त्याने मानसुद्धा उचलली नाही.

टेम्पो खरंच आला होता. भंगारवाले बिसेन शेठ दोरखंड सोडवत होते. टिपणीस सरांना बघून त्यांनी टोपी काढली. ते एकेकाळी सरांचेच विद्यार्थी होते.

"नमस्कार सर. या, पुढं केबिनमंदी बसा. मांगं धूळ लय हाये."

"शेठ, तुम्ही सरांना तोडणार?" वैदर्भीने विचारलं.

"मी कायले तोडीन बेटा? मशीन तोडते. तांबं हाये ना आंगात." शेठचा चेहरा खरोखर पडला होता. "मले का बरं वाटून राह्यलं का? पण चेक देऊन बसलो बाईले, सकाळीच."

सर वळले आणि टेम्पोकडे चालू लागले. वैदर्भीला रडू फुटणार होतं. पण चेक हा शब्द तिच्या डोक्यात कुठेतरी अडकला होता, माशाचा काटा अडकावा तसा.

"सर, थांबा! चेक म्हणजे पैसे का?"

टिपणीस सर थांबले. प्रश्न विचारलेला असताना पुढे चालत राहणं त्यांना जमत नसे, त्यांची घडणच तशी होती.

"नाही. चेक म्हणजे बिसेनने आपल्या बँकेला लिहिलेला हुकूम, की माझ्या खात्यातून यांना एवढे द्या. शाळेची बँक तो चेक त्याच्या बँकेकडे पाठवणार, ती बँक सही बघणार, शिल्लक बघणार, मग पैसे सोडणार. याला समाशोधन म्हणतात (बँकांनी एकमेकींकडून चेकचे पैसे मागवून घेणं)."

"आणि आज दुसरा शनिवार!"

वैदर्भी पळत ऑफिसात गेली. पेटकर बाई रिकाम्या कपाटासमोर बसून होत्या.

"बाई, शेठच्या चेकचे पैसे आले?"

"आले की. मघाशीच मशीनमध्ये टाकला, लगेच दिसले." बाईंनी शाळेच्या खात्याचा पडदा तिच्याकडे वळवला.

"वरची ओळ नको. खालची वाचा ना, बाई."

बाईंनी चष्मा लावला. खालची ओळ वाचली. मग सकाळी स्वतःच वाचून दाखवलेला नियम पुन्हा वाचला, या खेपेला मनातल्या मनात. मग उठून खिडकीशी गेल्या.

"अहो बिसेन, दोरखंड ठेवा आत! तुमचे पैसे अजून हाती पडलेले नाहीत."

"चेक खोटा हाये का माझा?" शेठ दुखावले.

"खोटा कोण म्हणतंय? तपासायचा आहे."

"मग मोबाइलवरून पाठवा की, शेठ," वैदर्भी म्हणाली आणि लगेच पस्तावली.

शेठनी तिच्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. खिशातला मोबाइल चाचपला आणि तिथेच राहू दिला. "ते मले येत नाही," ते म्हणाले. ते रोज दुपारी त्याच मोबाइलवर भंगाराचे भाव बघत, हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं.

सोमवारपर्यंत टिपणीस सर कोणाचेच नव्हते. रविवारी ते रिकाम्या वर्गात एकटे उभे राहिले आणि सातवीचे पेपर तपासले.

सोमवारी बँकेच्या बाईंनी डबा उघडला. एकेक नोट उजेडात धरली, नखाने कुंकू खरवडलं, वासही घेतला. वैदर्भी बाहेरून काचेला नाक लावून उभी होती. पडद्यावरची खालची ओळ हलली आणि वरच्या ओळीएवढी झाली. एका खात्यातून दुसऱ्यात जायला पैशांना मग पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. शेठचा चेक तेव्हा कुठे समाशोधनाला निघत होता.

शाळा बंद झाली ती झालीच. धूळही होती तशीच. वर्ग मात्र त्या दुपारी बंद दवाखान्याच्या पायऱ्यांवर भरला. कुत्रं थोडं सरकलं.

वैदर्भीने सरांच्या छातीवरची चिठ्ठी सोलून काढली आणि हजेरी घेतली. शेवटी म्हणाली, "टिपणीस सर?"

"हजर."

"ती झाली वरची ओळ, सर."

सरांचा गुडघा कुरकुरला. त्यांनी पहिल्या पायरीवर बैठक मारली.

"उपलब्ध," ते म्हणाले. "चला, पेपर घ्या. वैदर्भी, तुझा चौथा प्रश्न कुठे आहे?"