खोलीत किती जण?

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. हसायचं असेल तर खुशाल हसा. माझी आत्याही हसलीच होती. तीन वर्षं झाली, अजून भोगतेय.

मंगळवार होता. भरदुपारचे पावणेबारा. अंधार नाही, दिवे गेलेले नाहीत, काही नाही. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीत लख्ख ऊन, खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं. असल्या दुपारी काय होणार, सांगा!

आतल्या खोलीत माझी ताई बाळंत होत होती.

हो, घरीच. तिने आणि भावोजींनी ठरवलं होतं. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं होतं. रीतसर शिकलेल्या दोन सुईणी आल्या होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून घरचं मोठं माणूस म्हणून आत्या गेली.

आत्याने तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं. त्यामुळे माणसं तिला बाटलीत बघायची सवय. तिच्या मते जगात दोनच प्रकारचे लोक. एक मूर्ख, आणि दुसरे ज्यांचा रिपोर्ट अजून यायचाय.

खोलीत पाय टाकल्या टाकल्या तिने पलंगावरचं मेणकापड चिमटीत उचललं.

"अरे वा! सहलीला निघालोय का आपण?"

मग भावोजींकडे मोर्चा. "जावईबापू, तुम्ही कसला घाम पुसताय? कळा तिला येतायत ना?"

मग धाकटीकडे. "काय गं, हे पहिलंच का तुझं?"

"एकशे बारावं, काकू."

"मोजून ठेवलंयस? हुशार हो!"

ताई कळ ओसरल्यावर कशीबशी म्हणाली, "आत्या, प्लीज... गप्प बस ना."

"मी गप्पच आहे गं बाई. इथे माझं कोण ऐकतंय?"

थोरली सुईण आपलं काम करत होती. दर थोड्या वेळाने ती ताईच्या पोटावर छोटं मशीन टेकवायची. बाळाचे ठोके ऐकू यायचे. धकधक, धकधक, धावत्या घोड्यासारखे. ती मान हलवायची आणि धाकटी कागदावर आकडा लिहायची.

साडेबाराला थोरली म्हणाली, "आता जवळ आलं. मोज."

धाकटीने बोट फिरवत माणसं मोजली. ताई, भावोजी, आत्या, त्या दोघी. "पाच."

"पाच," थोरली म्हणाली. "आता कुणी सांगितल्याशिवाय बाहेर जायचं नाही, आत यायचं नाही. बाळ आलं की सहा. आमची पद्धत आहे ही."

आत्याला तर मेजवानीच मिळाली.

"मेंढरं आहोत का आम्ही? आणि मोजायचंच तर नीट मोजा की! त्या बाईंना वगळलंत."

तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला. खुर्चीवर बाळाच्या कपड्यांचा ढीग होता. दुसरं काही नव्हतं.

"या हो बाई, या! बसा आरामात. फुकटचा खेळ चाललाय. आपल्याला धरून सहा!"

आणि ती हसली. एकटीच.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, शब्द मागे घ्या."

"अहो, चेष्टा केली."

"चेष्टा असेल तर मागे घ्यायला काय जातंय?"

"माझी अक्कल जाते!" आत्या फणकारली. "शिकलेल्या म्हणवता ना स्वतःला?"

थोरली पुढे बोलणार, तेवढ्यात ताईला जोराची कळ आली आणि सगळे तिच्याकडे वळले.

सगळे. फक्त आत्याला तेवढा आवाज आला...

कर्रर्र.

खुर्चीचा.

तिने वळून पाहिलं. कपड्यांचा ढीग मघाशी फुगलेला होता.

आता तो मधोमध दबला होता. कुणीतरी टेकल्यासारखा.

'घसरले असतील,' असं ती मनात म्हणाली. मनातसुद्धा तिचा सूर तुच्छतेचाच होता. पण ती खुर्चीपासून दोन पावलं लांब सरकली.

मशीनमधला घोडा धावत होता. धकधक, धकधक... मग जरा हळू. आणखी हळू...

"आता जोर कर, बाळा," थोरली ताईला म्हणाली. "थांबू नकोस. शाब्बास!"

एक वाजायला दहा कमी असताना बाळ आलं.

मुलगी.

आणि खोलीत आवाजच नाही.

स्कूटर पुसणाऱ्याचा नाही. पंख्याचा नाही. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

मुलगी निळसर, हातपाय लुळे. थोरलीने तिला टॉवेलने खसखसून पुसलं. मग नाकातोंडावर इवलासा मास्क धरून फुगा दाबायला लागली. एक, दोन, तीन... भावोजी फोनवर अँब्युलन्स बोलावत होते आणि स्वतःच्याच घराचा नंबर विसरले होते. ताई विचारत होती, "रडत का नाही? ती रडत का नाही?"

थोरलीचे हात थांबले नाहीत. खाली मान घालूनच ती म्हणाली, "मोज."

धाकटीने मोजलं. परत मोजलं. तिचा आवाज फाटला.

"सहा."

"बाळ धरून ना?"

"नाही... बाळाला मी अजून मोजलंच नाही."

आत्याने खुर्चीकडे पाहिलं नाही. तिला पाहवेना.

"काकू," थोरली फुगा दाबत म्हणाली, "तुम्ही बोलावलंत. तुम्हीच घेऊन जा."

"मी... कुठे नेऊ?"

"तुमच्या घरी. इथे सहावी जागा एकच आहे. दोघांना पुरायची नाही."

आत्याने उभ्या जन्मात कुणाची मनधरणी केली नव्हती. लग्न मोडलं तेव्हाही नाही. नोकरीवरून काढायला निघाले होते तेव्हाही नाही. पण पलंगावर ताई होती, तिच्या मांडीवर खेळलेली, आणि टॉवेलवर ते निळं बोटभर पोर.

ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले.

"चला हो... बाई. माझ्या घरी चला. मी एकटीच असते. भरपूर जागा आहे."

काहीच झालं नाही.

"चुकलं माझं. चला ना..."

कर्रर्र.

दबलेले कपडे सावकाश वर आले.

ती निघाली. खोलीबाहेर, स्वयंपाकघरावरून, दारापर्यंत. मागे पावलं वाजत नव्हती. पण मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता. थंड. दमलेला. तिने दार उघडलं आणि बाजूला सरली. आधी पाहुण्याला वाट द्यावी, तशी. काहीतरी तिच्या दंडाला घासून पुढे गेलं.

तिने बाहेर पडून दार ओढून घेतलं.

आणि आतून रडणं ऐकू आलं. कडाडून, खणखणीत, अख्खा जिना दणाणून सोडणारं!

आत्या जिन्यातच मटकन बसली. परत आत जावं, एकदा डोळे भरून बघावं असं फार वाटलं तिला. तिने बेलकडे हातही नेला होता.

तेवढ्यात खालच्या पायरीवरून कुणीतरी तिच्या पदराला हिसका दिला. हळूच. चल, असा.

ती उठली आणि चालायला लागली.

अँब्युलन्स आली. दवाखान्यात तपासलं, मुलगी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, काही बाळांना होतो थोडा उशीर, सुईणींनी बरोबर केलं. असेलही तसं. खुर्चीचं सगळं मला आत्यानेच सांगितलं; ताईला आणि भावोजींना त्यातलं काही आठवतच नाही. धाकटीला मी स्वतः फोन केला होता. "तुझ्या आत्याला विचार," एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवला.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. आत्याने तिला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. तिचं घर चार गल्ल्या सोडून आहे. वाढदिवसाला खेळणी येतात, स्वेटर येतात. आत्या येत नाही. ताईला वाटतं, माज आहे तिला. तोंडावर बोलूनही दाखवते. आणि आत्या, जी कुणाचा अर्धा शब्द ऐकून घ्यायची नाही, ती मुकाट ऐकून घेते.

परवा पोरीनेच व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आत्याआजी, तू आमच्याकडे का येत नाहीस?"

आत्याने आधी उजवीकडे पाहिलं. तिथे तिच्या घरात कुणी नसतं. मग अगदी दबक्या आवाजात म्हणाली,

"आले असते गं, सोन्या. पण मला एकटीला येता येत नाही."

पोरगी स्क्रीनकडे बघत हसली आणि हात हलवला.

आत्याकडे नाही. तिच्या जरा उजवीकडे...